डोंगरातला वणवा आणि आपला जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर विद्वान वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीत विश्वस्तांनी मला उभे केले, हा त्यांचा माझ्यावरील लोभ होय. मी व्यवसायाने कापड दुकानदार आणि शिक्षणाने केवळ बी.कॉम. आहे. शास्त्राचा अधिकार माझ्यापाशी नाही. तथापि, विषय निवडण्याची मोकळीक मला देण्यात आली, म्हणून ज्या गोष्टीकडे गेली चाळीस वर्षे मी दुकानाच्या गादीवरून पाहत आलो, तीच आज आपणापुढे मांडतो. ती गोष्ट म्हणजे आपल्या पश्चिमेच्या डोंगरातील गावे आणि दरवर्षी त्यांच्या वाट्याला येणारा वणवा.

माझ्या लहानपणी फाल्गुन-चैत्रातील रात्री आमच्या पेठेतील घराच्या गच्चीवरून सह्याद्रीची रांग दिसत असे. अंधारात डोंगराच्या कडेकडेने आगीची एक लांब वाकडी रेघ चमकू लागली की आम्ही मुले टाळ्या पिटत असू. 'डोंगराने माळ घातली' असे आम्ही म्हणत असू. घरातील मोठी माणसेही कौतुकाने ती पाहत. त्या माळेखाली कोणाचे काय जळत आहे, असा प्रश्न आमच्यापैकी कोणासही पडला नाही.

१९८१ साली पदवी घेऊन मी दुकानात बसू लागलो आणि वडिलांबरोबर पाटण खोऱ्यातील वाड्या-वस्त्यांवर वसुलीसाठी जाऊ लागलो. तेव्हा त्या माळेची दुसरी बाजू दिसली. आमच्या धंद्यात लग्नसराईचे जे महिने, नेमके तेच वणव्याचे महिने असतात. शिवरात्र ते मृग या काळात डोंगरातील माणूस बस्ता बांधण्यासाठी पेठेत येतो आणि त्याच काळात त्याचा एक डोळा घराकडे, म्हणजे डोंगराकडे लागलेला असतो. दुकानात साड्या पाहता पाहता एखादी बाई मध्येच उठून दाराशी जाते, पश्चिमेकडे धूर दिसतो का ते पाहते आणि परत येऊन बसते. हे दृश्य मी कित्येकदा पाहिले आहे.

या गावांचे वर्ष कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. दिवाळीच्या सुमारास भात घरात येते. त्यानंतर गवताची कापणी सुरू होते. प्रत्येक घराच्या मालकीचा डोंगराचा एक पट्टा असतो. तेथील गवत विळ्याने कापून, पेंढ्या बांधून, भारे डोक्यावरून खाली आणावे लागतात आणि त्यांच्या गंजी रचाव्या लागतात. हे काम बहुतांशी स्त्रियांच्या अंगावर असते. ही गंजी म्हणजे जनावरांचे सात महिन्यांचे अन्न. आपल्या भाषेत बोलायचे तर ती त्या घराची मुदत ठेव होय. गंजी घराजवळ रचली तर आग घरापर्यंत येण्याचे भय, आणि दूर रचली तर तिच्यावर लक्ष राहत नाही. म्हणून शहाणी माणसे एकाऐवजी दोन ठिकाणी गंजी घालतात. एक गेली तरी दुसरी उरावी, हा त्यांचा विमा.

पौष-माघात जाळपट्टे काढण्याचे काम येते. रान आणि वस्ती यांच्या मधला आठ-दहा हात रुंदीचा पट्टा, दव असताना, वारा पडलेला असताना, पहाटे मुद्दाम जाळून घ्यायचा. दोन्ही बाजूंना ओल्या फांद्या घेऊन माणसे उभी राहतात आणि आग पट्ट्याबाहेर जाऊ देत नाहीत. पुढे मोठी आग आली तर तिला तेथे खाण्यास काही मिळत नाही आणि ती थांबते. वन विभागही आपल्या हद्दीत याच तत्त्वावर जाळरेषा काढतो.

महाशिवरात्रीनंतर घरातले नियम बदलतात. चुलीतील राख उकिरड्यावर न टाकता खड्ड्यात टाकून वर पाणी ओततात. दुपारी जनावरांची दावी चटकन सुटतील अशा गाठीने बांधतात. लग्नाला अख्खे घर कधी जात नाही, एक जण राखणीला मागे राहतो. संध्याकाळी हंडे-कळशा रिकाम्या ठेवीत नाहीत. या गोष्टी कोणी कोणास शिकवीत नाही. सून घरात आली की पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या त्या अंगवळणी पडतात.

आणि तरीही आग येते. दुपारी वारा डोंगराच्या चढाने वाहू लागतो. ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवीत जाते, त्यामुळे चढावर आग माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने जाते. देवळातील घंटा वाजते. हल्ली ध्वनिक्षेपकावरून हाक दिली जाते. लोक ओल्या फांद्या तोडून निघतात. आगीच्या तोंडासमोर, चढाच्या अंगाला कोणी उभे राहत नाही. जळून गेलेल्या बाजूने शिरून, दोन्ही कडांनी झोडपीत, तिचे तोंड अरुंद करीत न्यायचे असते. रात्री वारा मंदावतो, हवेत ओल येते, तेव्हा ती खरी आटोक्यात येते. म्हणजे ज्या वेळी आम्ही गच्चीवर टाळ्या पिटत होतो, त्याच वेळी त्या रेघेवर ही माणसे राबत होती.

कापडाचा व्यापारी म्हणून मला आगीचा पहिला धडा एका गिऱ्हाइकानेच दिला. नवीन चमकदार कृत्रिम धाग्याच्या साड्या तेव्हा बाजारात जोरात होत्या. स्वस्त, न चुरगळणाऱ्या, धुण्यास सोप्या. डोंगरातील एका आजींपुढे मी मोठ्या उत्साहाने अशा साड्यांची रास लावली. त्यांनी एका साडीचा पदर दोन बोटांत चोळला आणि बाजूला सारला. म्हणाल्या, "शेठ, ह्ये नगं. वणव्याला गेल्यावर ठिणगी पडली, तर अंगाला चिकटून बसतंय. मला सुती दावा." सूत जळते, त्याची राख होते, ते अंगापासून झटकता येते. कृत्रिम धागा मात्र वितळतो आणि कातडीला धरून राहतो. माझ्या पदवीत हे नव्हते. त्या दिवसापासून डोंगरातील गिऱ्हाइकाला मी सुती कापड आधी दाखवू लागलो. नफा थोडा कमी झाला, त्याची खंत नाही. खंत आहे ती, त्याआधी मी किती जणींना ती दुसरी साडी आग्रहाने विकली असेल, त्याची.

आता आगीत काय जाते, त्याचा हिशेब पाहू. गंजी जाते, गोठा जातो, कोठे आंबा-काजूची कलमे जातात. डोंगरातील झऱ्यापासून गावापर्यंत काळ्या प्लास्टिकच्या नळीने पाणी आणलेले असते, ती नळी वितळते आणि ऐन वैशाखात गावाचे पाणी तुटते. मग बायकांना हंडे घेऊन पुन्हा झऱ्यावर जावे लागते. हे नुकसान निदान दिसते, त्याचा पंचनामा तरी होतो. परंतु हिरडा, जांभूळ, अंजनी यांची पावसाळ्यात उगवलेली हातभर रोपे जातात, त्यांचा पंचनामा होत नाही. टिटवी, तित्तर, लावा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. वणव्याच्या दिवसांत अंडी व पिले जमिनीवर असली तर त्यांना उडून जाता येत नाही. घोरपड, साळिंदर यांतील जे बिळात गुदमरते ते कोणास दिसत नाही. जमिनीवरील पाल्याचे पांघरूण जळाले की वळवाचा पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो, माती ओढ्याला लावतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. झरा आटण्याचे एक कारण तेथे असते. हे सर्व नुकसान कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

आग लागते कशी, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे वीज पडून वणवा लागणे फार विरळा. जवळपास प्रत्येक वणवा माणसाच्या हातून लागतो. परंतु तो हात नेहमी दुष्टाचा असतो असे मात्र नाही. भाताची रोपे करण्यासाठी शेतकरी पालापाचोळा, कवळ, शेणी पसरून राब भाजतो. त्याने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. त्या राबातील ठिणगी वाऱ्याने रानात जाते. कोणी बांध साफ करताना काडी लावतो. कोणी मधाच्या पोळ्याखाली धूर करतो. विदर्भात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून रानाला आग लावतात. शिकारीसाठी आग लावणारेही असतात. आणि रस्त्याने जाणारे, गडावर सहलीला येणारे आपण शहरी लोक विडी-सिगारेट टाकतो, चुलीवरचे जेवण करून निखारे तसेच सोडतो. आपला हात यात कमी नाही.

गवत जाळल्याने पुढचे गवत चांगले येते, असा एक समज फार जुना आहे. जुने खोड जळाल्यामुळे कोवळा फुटवा लवकर दिसतो, इतके त्यात तथ्य आहे. परंतु दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर जनावरे आवडीने खातात ते गवत मागे पडते आणि कुसळी गवत माजते. कुसळीचे बी आपल्या पिळदार शेपटीने मातीत स्वतःला रुजवून घेते, म्हणून ते आगीतून वाचते. कुसळ कसे रुतते, हे धोतर किंवा लुगडे नेसून डोंगरात गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. म्हणजे चांगल्या चाऱ्यासाठी लावलेली आग कालांतराने चाराच निकृष्ट करते.

अलीकडे यात एका गोष्टीची भर पडली आहे. पाटण, जावळी या भागांतील तरुण पिढ्यान्पिढ्या मुंबईला माथाडी कामासाठी आणि इतर नोकऱ्यांसाठी जात आली. आता कुटुंबेही गेली. गावात वृद्ध आणि थोड्या स्त्रिया उरल्या. गवत कापण्यास माणूस नाही, म्हणून ते डोंगरावर उभेच वाळते. जाळपट्टा काढण्यास माणूस नाही, आणि विझवण्यासही नाही. जळण्याजोगे वाढले आणि विझवणारे कमी झाले. मुंबईकर मंडळी यात्रेला येतात, तोवर डोंगर काळा झालेला असतो.

आता माझ्या स्वतःच्या वहीतील एक नोंद सांगतो. ती आजवर चारचौघांत सांगितली नव्हती. १९८० च्या दशकातील गोष्ट. डोंगरातील एका वाडीवरच्या शेतकऱ्याने मुलीच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडून उधारीवर बांधला होता. चैत्रात त्याच्या गंजीला वणवा लागला. चारा गेल्यामुळे बैलजोडी पडत्या भावात विकावी लागली आणि पेरणीसाठी बैल पुन्हा भाड्याने आणण्याची पाळी आली. तो दोन भारी साड्या जशाच्या तशा घेऊन दुकानात आला आणि म्हणाला, "शेठ, एवढ्या परत घ्या. उधारीचा बोजा हलका हुईल." वडील त्या दिवशी परगावी होते. गादीवर मी. मी साड्या उलगडून पाहिल्या, एकीची घडी मोडलेली दिसली. दुकानाच्या नियमाप्रमाणे घडीमोडीची रक्कम कापून उरलेली त्याच्या खात्यावर जमा केली. तो काहीही न बोलता नमस्कार करून गेला.

वडील परतल्यावर मी त्यांना नोंद दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण त्याच्या घरचं नुकसान तू त्याच्याच नावावर पुन्हा एकदा टाकलंस." लगेचच्या बाजाराला वडिलांनी त्याच वाडीतील एका माणसाबरोबर त्या दोन्ही साड्या परत पाठवल्या. त्या लग्नाला पोहोचल्या की नाही, ते मला कधी कळले नाही. तो शेतकरी पुढे दोन वर्षांत सारी बाकी फेडून गेला, आणि त्यानंतर आमच्या दुकानाची पायरी चढला नाही.

मी ती वाडी नंतर पाहून आलो. वरचा डोंगर काळा होता. आग कोणी लावली, हे कोणास ठाऊक नव्हते. कोणी राबाचे नाव घेत होते, कोणी रस्त्याचे. वणव्याचा हा स्वभावच आहे. ज्याच्या हातून लागतो तो अज्ञात राहतो आणि भरपाई दुसराच करतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. बुद्ध्या किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली गेली तर त्या वनातील चराईचे वा वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकारही शासनास आहे. म्हणजे एकाच्या काडीचा दंड साऱ्या गावाला बसू शकतो. कलम ७९ प्रमाणे ज्यांना वनात हक्क आहेत, त्यांच्यावर आगीची खबर देण्याचे आणि ती विझवण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. देहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या साहाय्याने आगीची ठिकाणे टिपते आणि त्याची सूचना मोबाईलवर पाठवते. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या एका हंगामात देशभरात अशा दोन लाखांहून अधिक नोंदी झाल्या. एकच आग अनेकदा नोंदली जाऊ शकते, हे ध्यानात घेऊनही हा आकडा लहान नव्हे. परंतु उपग्रहाने खबर दिली तरी ओली फांदी धरणारा हात गावातच असावा लागतो.

गावाने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या छोट्या गावाने घालून दिले आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपाने हे त्या भागातील रोख उत्पन्नाचे मोठे साधन. परंतु त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि रानाला आगी लावल्या जातात, म्हणून पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद करण्याचे ठरवले आणि बांबूच्या उत्पन्नावर भिस्त ठेवली. हाती येणारा पैसा सोडण्याचा निर्णय गरीब माणसांनी एकत्र बसून घेतला. तो वाचून व्यापारी म्हणून माझी मान लवली.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घराकडे येतो. आपला ट्रस्ट जीवदया निधीतून दर उन्हाळ्यात चारा विकत घेऊन पांजरपोळास पाठवतो. हे पुण्यकार्य आहे आणि ते चालू राहिले पाहिजे. परंतु ज्या चैत्रात आपण चढ्या भावाने चारा घेतो, त्याच चैत्रात आपल्या डोळ्यांसमोरच्या डोंगरावर उभा चारा जळत असतो. जमाखर्च शिकलेल्या माणसाला हे खटकले पाहिजे.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. जीवदया निधीचा काही भाग आपण कार्तिक-मार्गशीर्षातच खर्च करावा. डोंगरातील दोन गावे निवडून, तेथील ग्रामसभेशी बोलून, गवत कापण्याची मजुरी द्यावी. कापलेल्या गवतापैकी गावाला लागेल तेवढे गावाने ठेवावे, उरलेले पांजरपोळासाठी आपण रास्त भावाने घ्यावे. डोंगरावरचे गवत खाली आले म्हणजे आगीचे अन्नच कमी झाले. तीन वर्षे हा प्रयोग करून पाहावा आणि मग पुढचे ठरवावे.

ही सूचना मी खाजगीत मांडली, तेव्हा आपल्यातील एका ज्येष्ठांनी दोन शंका घेतल्या. पहिली अशी की, चाऱ्यासाठी दिलेले दान मजुरीला वापरणे योग्य होईल काय? माझे उत्तर असे की, दात्यांची संमती आधी घ्यावी आणि या कामाची वही वेगळी ठेवावी. दुसरी शंका अधिक गंभीर होती. जाळपट्टा जाळतानाही असंख्य सूक्ष्म जीवांची हिंसा होते, तिला आपण द्रव्य कसे द्यावे? ही शंका मी टाळली नाही, कित्येक दिवस तिचा विचार केला. मग त्या खोऱ्यातील एका वृद्ध शेतकऱ्यालाच विचारले. ते म्हणाले, "जाळायलाच पाहिजे असं न्हाई. गवत मुळापासनं कापून, पाला झाडून, माती दिसंल असा पट्टा क्येला तरी आग थांबती. पर त्याला माणसं लई लागत्यात, आन् पाला पडंल तसं पुन्हा झाडावं लागतंय. म्हणून आमी जाळतो." म्हणजे हिंसा कमी करणारा मार्ग आहे, तो केवळ महाग आहे. गरीब गावाला तो परवडत नाही. आपणास परवडतो. आपले द्रव्य लावायचे तर ते याच फरकावर लावावे. यातही पूर्ण अहिंसा साधते, असा माझा दावा नाही. गवत कापतानाही हिंसा आहे. परंतु भडकलेला डोंगर आणि झाडलेला पट्टा यांत कमी-अधिक काय, हे समजण्यास फार मोठ्या पांडित्याची गरज नसावी.

उरते ते आपले वैयक्तिक वर्तन. डोंगरात गेलो तर चूल पेटवू नये, पेटवलीच तर निखारे पाण्याने विझवून, हात लावून गार झाल्याची खात्री करून निघावे. धूर दिसला तर 'कोणीतरी कळवील' असे न म्हणता आपण कळवावे.

हल्ली रात्री मी नातवंडांना घेऊन त्याच गच्चीवर जातो. गेल्या उन्हाळ्यात डोंगरावर रेघ दिसली आणि धाकट्या नातीने टाळी वाजवली. मी तिचे हात हळूच खाली घेतले आणि ती माळ नव्हे, तेथे माणसे आहेत, असे सांगितले. मग आम्ही दोघांनी वनरक्षकांना दूरध्वनी केला. माझ्या लहानपणी हे सांगणारे कोणी नव्हते.

विश्वस्त मंडळाने माझ्या सूचनेचा या सुवर्णमहोत्सवी वर्षात विचार करावा, अशी विनंती करतो. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम् म्हणून क्षमा मागतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जय जिनेंद्र.